काही कर्मचाऱ्यांचा मेल कंपनीच्या आतच ठेवायचा तर पोस्टफिक्समध्ये काय करायचं

मागणी साधारण अशी येते: "गोदामातल्या आणि कॉल सेंटरमधल्या लोकांना मेल द्या, पण तो कंपनीबाहेर जाता कामा नये." सर्व्हरला हात लावण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. बाहेरून या लोकांना मेल आलेला चालेल का? आणि बाहेरचे कोणते पत्ते तरीही चालू ठेवायचे? पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा घाईने "नको" असं उत्तर येतं. मग हजेरीची किंवा पगाराची प्रणाली बाहेरच्या सर्व्हरवर असली, की पासवर्ड बदलण्याची लिंक या लोकांपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे येणारा आणि जाणारा मेल हे दोन वेगळे निर्णय समजा आणि दोन्ही लेखी घ्या.

इथे मी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमबद्दल लिहिते आहे. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

माझा आग्रह एकच आहे: माणूस ओळखायचा तो त्याच्या लॉगिनवरून, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून नव्हे. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजात, रिस्ट्रिक्शन क्लासच्या (म्हणजे नाव दिलेल्या नियमांच्या वर्गाच्या) पानावर, याच कामाचं उदाहरण आहे. पण ते पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतं, आणि पत्ता बदलला की नियम चुकवता येतो हेही तिथेच सांगितलं आहे. मेल प्रोग्रॅममध्ये 'फ्रॉम'चा पत्ता बदलणं कुणालाही जमतं. पोस्टफिक्स 2.11 पासून 'चेक एसएएसएल ॲक्सेस' नावाची तपासणी आली (एसएएसएल म्हणजे लॉगिन पडताळण्याची पद्धत). ती लॉगिनचं नावच पाहते, तेव्हा तीच वापरा.

मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये मांडणी अशी:

एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस = लोकल_ओन्ली
लोकल_ओन्ली = चेक_रेसिपियंट_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/अलाउड, रिजेक्ट
एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स = चेक_एसएएसएल_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/रिस्ट्रिक्टेड, परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

'रिस्ट्रिक्टेड' फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक लॉगिन नाव आणि त्यासमोर 'लोकल_ओन्ली'. 'अलाउड' फाइलमध्ये कंपनीचं डोमेन आणि त्यासमोर 'ओके'. अपवाद म्हणून मान्य झालेले बाहेरचे पूर्ण पत्तेही याच फाइलमध्ये घाला. दोन्ही फाइलींवर 'पोस्टमॅप' (फाइलचा पोस्टफिक्सला वाचता येईल असा तक्ता करणारा आदेश) चालवा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. काही नव्या लिनक्सवर 'हॅश' प्रकार उपलब्ध नसतो, तिथे 'एलएमडीबी' लिहा. 'पोस्टकॉन्फ' ला लहान 'एम' पर्याय दिला की कोणते प्रकार चालतात त्याची यादी मिळते.

या मांडणीत सगळा खेळ क्रमाचा आहे. चेक एसएएसएल ॲक्सेस ही तपासणी 'परमिट'च्या दोन्ही ओळींच्या आधी हवी. 'लॉगिन केलंय, जाऊ दे' हे आधी ठरलं तर पुढच्या नियमाला कुणी विचारत नाही. लॉगिन नाव कसं लिहायचं, नुसतं की डोमेनसकट, याचा अंदाज बांधू नका. त्या माणसाने पाठवलेला एखादा मेल लॉगमध्ये शोधा, 'एसएएसएल_युजरनेम' च्या पुढे जे दिसेल तेच अक्षरशः उचला.

आता मास्टर डॉट सीएफ (पोस्टफिक्सच्या सेवा आणि त्यांचे पोर्ट ठरवणारी फाइल) उघडा, कारण नियम बरोबर लिहूनही चालत नाही असं वाटलं तर दोष बऱ्याचदा इथे असतो. कर्मचारी 587 किंवा 465 पोर्टवरून मेल पाठवतात आणि त्या सेवांखाली 'एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स=' अशी बरोबरच्या चिन्हापुढे रिकामी ओळ असू शकते. पोस्टफिक्सच्या नमुना फाइलमध्ये ती कॉमेंट म्हणून दिलेलीच असते आणि सेवा सुरू करताना बाकीच्या ओळींबरोबर तिचंही कॉमेंट काढलं जातं. तिचा अर्थ असा की या पोर्टपुरता मेन डॉट सीएफमधला नियम रद्द. ती ओळ काढा. काढल्यावर एक बघा: मेन डॉट सीएफमध्ये स्पॅम याद्यांच्या तपासण्या असतील तर त्या 'परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड' च्या नंतरच हव्यात, नाहीतर घरून काम करणाऱ्यांचे मेल अडकतील.

चालू दिवसात थेट अडवायला सुरुवात करू नका. वर्गातल्या शेवटच्या 'रिजेक्ट' च्या आधी 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' लिहा. मग मेल जातो, पण लॉगमध्ये 'रिजेक्ट_वॉर्निंग' अशी नोंद पडते. आठवडाभर त्या नोंदी पाहिल्या की कुणालाच न आठवलेले अपवाद आपोआप बाहेर येतात: कुरिअरवाला, लिफ्टची देखभाल करणारी कंपनी, प्रशिक्षण देणारी संस्था. ती यादी साहेबांपुढे ठेवा, त्यांना ठरवू द्या, आणि मगच 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' हा शब्द काढा.

नुसत्या 'रिजेक्ट' ने माणसाला 554 आणि 'ॲक्सेस डिनाइड' एवढंच दिसतं आणि फोन तुम्हाला येतो. त्याऐवजी एक रेग्युलर एक्स्प्रेशनची फाइल करा. तिच्यात एकच ओळ: कोणत्याही पत्त्याला जुळणारा नमुना, पुढे 'रिजेक्ट' आणि पुढे तुमचा मजकूर, म्हणजे 'या खात्यावरून फक्त कंपनीत मेल पाठवता येतो, अडचण असल्यास विभागप्रमुखांना भेटा' अशा अर्थाचा. वर्गातल्या शेवटच्या 'रिजेक्ट' च्या जागी 'चेक_रेसिपियंट_ॲक्सेस' लिहून ही फाइल जोडा. मजकूर रोमन अक्षरांतच लिहा, एसएमटीपीच्या उत्तरात देवनागरी सर्रास चालत नाही.

चाचणी करताना मिश्र मेल विसरू नका. तीन पत्ते आतले आणि एक बाहेरचा असेल तर सर्व्हर फक्त त्या एकाला नाकारतो, पण मेल प्रोग्रॅम बहुधा अख्खा मेलच थांबवतो. "आतल्यांनाही जात नाही" ही तक्रार त्यातूनच येते. लोकांना आधीच सांगून ठेवा.

येणारा मेलही अडवायचा ठरला तर दुसरा वर्ग करा: परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट. त्याचं नाव वर्गांच्या यादीत घाला, आणि या लोकांच्या पत्त्यांची फाइल 'चेक_रेसिपियंट_ॲक्सेस' ने त्याला जोडा. ती ओळ एसएएसएल तपासणीच्या लगेच खाली, 'परमिट' च्या वर. इथेही 'पाठवणारा आपल्या डोमेनचा आहे का' असं तपासू नका. बाहेरचा माणूस तो पत्ता सहज लावू शकतो. तुमच्यापुढे वेगळा स्पॅम गेटवे असेल आणि त्याचा आयपी 'मायनेटवर्क्स' (लॉगिनशिवाय विश्वास ठेवायच्या आयपींची यादी) मध्ये असेल, तर बाहेरचा सगळा मेल 'आतला' ठरेल.

उरतात त्या फटी, आणि माझा वेळ खरा जातो तो इथेच. अख्खं ऑफिसचं नेटवर्क 'मायनेटवर्क्स' मध्ये असेल तर कुणीही लॉगिन न करता 25 पोर्टवरून मेल सोडू शकतो. तिथे फक्त सर्व्हर आणि लॉगिन न जमणारे प्रिंटर ठेवा. वेबमेल त्याच सर्व्हरवर असून 'सेंडमेल' आदेशाने मेल पाठवत असेल तर हे नियम त्याला लागतच नाहीत; त्याला 587 वरून, त्या त्या माणसाच्या लॉगिनने पाठवायला लावा. एलियस (आलेला मेल दुसऱ्या पत्त्यांकडे वळवणारे पत्ते) आणि मेलिंग लिस्टही तपासा. 'सगळे विक्रेते' अशा आतल्या पत्त्यामागे बाहेरचे पत्ते असतील तर पोस्टफिक्स तो मेल आतला म्हणून घेतो आणि मग बाहेर पाठवतो. डव्हकॉट या मेलपेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं सीव्ह (आलेल्या मेलवर नियम चालवणारी सोय) असेल तर माणूस स्वतःचा मेल बाहेर वळवू शकतो. 'सीव्ह_मॅक्स_रीडायरेक्ट्स' शून्य केलं की ते बंद होतं, मात्र त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांचंच.

एवढं करूनही ब्राउझरमधलं खाजगी मेल खातं आणि खिशातला मोबाइल तसाच राहतो. साहेबांना कागदपत्रांची गळती थांबवायची असेल तर ते काम वेगळं आहे, असं मी स्पष्ट सांगते.

एक्सचेंज वापरणाऱ्यांना हे सोपं जातं: लोकांचा एक गट करा, मेल फ्लो रूल लिहा, पाठवणारा त्या गटातला आणि घेणारा संस्थेबाहेरचा असेल तर कारणासह नाकारा. गूगल वर्कस्पेसमध्ये जीमेलच्या कंप्लायन्स विभागात 'रिस्ट्रिक्ट डिलिव्हरी' आहे. या लोकांचं वेगळं ऑर्गनायझेशनल युनिट करून ती त्यालाच लावा.

'रिस्ट्रिक्टेड' फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या वरच्या ओळीत हॅशचं चिन्ह (#) देऊन कुणी सांगितलं आणि कधी, ते लिहा. ही नोंद नावाच्या त्याच ओळीत शेवटी लिहू नका, पोस्टफिक्स ती नावासमोरच्या 'लोकल_ओन्ली' चाच भाग समजतो. माणसाची बदली झाली की त्याची ओळ काढा आणि पोस्टमॅप चालवा. नुसती यादी बदलली तर रीलोडची गरज नसते.