इंग्लंडला येताय? आधी वेबसाइटचा पत्ता वाचायला शिका

सिमकार्ड, बँक खातं, ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या मेट्रोचा, प्रवास हे सगळं होऊन जातं, त्याची काळजी नको. वेबसाइटचं मात्र नीट ऐका.

इथं सरकारी काम जवळजवळ सगळं ऑनलाइन चालतं, आणि आपली माणसं गुगलवर सगळ्यात वर दिसेल ती साइट उघडून मोकळी होतात. वरच्या ओळी बहुधा जाहिरातीच्या असतात. इथं नोकरीसाठी लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचा अर्ज फुकट आहे, तरी दरवर्षी कोणीतरी त्यासाठी पैसे भरून येतंच. प्रोव्हिजनल, म्हणजे गाडी शिकायच्या, लायसन्सला सरकारी साइटवर 34 पौंड पडतात; मधली साइट वर आपली फी लावते.

पत्ता असा वाचा: पहिल्या एकट्या तिरप्या रेघेपाशी (/) थांबा आणि तिथून डावीकडे या. रेघेच्या अगदी आधी 'गव्ह डॉट यूके' असेल तरच साइट सरकारी. त्यापुढं आणखी 'डॉट कॉम' चिकटवलेलं असेल, तर मालक दुसराच. 'को डॉट यूके' कोणालाही विकत मिळतं. आणि कुलपाच्या चित्रावर जाऊ नका, चोराच्या घरालाही कुलूप असतं.

आता खोलीचं. 2016 साली मी ठाण्यात बसून लंडनमधल्या हॅरोतल्या एका भाड्याच्या खोलीसाठी 900 पौंड पाठवले. साइट देखणी, इंग्रजी चोख, खाली कंपनीचा नोंदणी क्रमांकही. इथं उतरल्यावर तो क्रमांक कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर टाकला. तिथं शोधायला एक पैसा लागत नाही. क्रमांक खरा निघाला, पण भलत्याच कंपनीचा! मग फोटो पुन्हा पाहिले. स्वयंपाकघरात किटलीमागच्या सॉकेटला दोन गोल भोकं होती. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी असतात. तो फोटो या देशातला नव्हताच, आणि मी तो आईला कौतुकानं दाखवला होता.

म्हणून खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसानं पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. इंग्लंडमध्ये 2019 पासून खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. जास्त मागणारी साइट तिथंच बंद करा.

'ग्रुपवर आपल्याच माणसानं लिंक टाकलीय' हा पुरावा नव्हे. त्यानंही ती पुढं ढकललेलीच असते. आणि आपल्यात फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, याचा मला फार राग येतो. त्यामुळंच पुढचा फसतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 159 फिरवा, बहुतेक बँकांना तिथून थेट जोडून देतात. मी तीन दिवस कोणाला बोललेच नव्हते.