पोट फुगणं, कळ येऊन पुन्हा पुन्हा शौचाला जाणं (आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा चिडखोरपणा): मला काय लागू पडलं

लक्षणं: जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखं, मुरडा, शौचाला जाऊनही साफ न वाटणं. रक्त नाही, वजन घटलं नाही. रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

ओवा, त्रिफळा, गव्हाचा कोंडा, सगळं झालं. कोंड्याने तर फुगणं वाढलंच. वैताग आला होता.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी, गहू चालू असतानाच. गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते. मग चार आठवडे गहू, कांदा, लसूण, राजमा-छोले, दूध बंद. ताटात भात, ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, गाजर, थोडं मुगाचं वरण. ही 'लो फॉडमॅप' (आतड्यात नीट न शोषली जाणारी, आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी करण्याची) पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाची.

लसणाशिवाय आमटी घशाखाली उतरेना. त्यावर तोड: तेलात अख्ख्या पाकळ्या तांबूस करायच्या, सगळ्या काढून टाकायच्या, मगच वरण ओतायचं. लसणातली त्रास देणारी फ्रुक्टन्स (एक प्रकारची कर्बोदकं) पाण्यात उतरतात, तेलात नाही. हिंगाच्या डबीवर घटक वाचा, पुष्कळदा त्यात गव्हाचं पीठ असतं.

सोबत इसबगोल: अर्धा चमचा, पेलाभर पाण्यात, फुगण्याआधी लगेच प्यायचा. आठवड्याने एक चमचा.

शेवटी एकेक पदार्थ परत. तीन दिवस, रोज थोडा वाढवत, मग काही दिवस थांबून पुढचा. माझ्या बाबतीत दूध पचलं, कांदा अडकला. दोन पोळ्या चालतात, चौथी नाही.