जर्मन पायदळ डिव्हिजनचा तक्ता कसा वाचावा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पायदळ डिव्हिजनच्या रचनेचा, म्हणजे कोणत्या तुकडीत किती माणसे व शस्त्रे हे दाखवणारा, तक्ता समोर आला की सर्वांत आधी त्यावरील वर्ष पाहावे, कारण १९३९ मध्ये पहिल्या फळीच्या (म्हणजे युद्धासाठी सर्वांत आधी उभ्या केलेल्या) डिव्हिजनमध्ये १७,०००हून अधिक माणसे आणि तीन रेजिमेंटांत मिळून ९ बटालियन असत, तर १९४४च्या रचनेत याच तीन रेजिमेंटांत ६ बटालियन आणि एकूण सुमारे १२,५०० माणसे उरली होती. पुण्यात नकाशावर लढाया मांडणाऱ्या किंवा सैनिकांच्या प्रतिकृती रंगवणाऱ्या मित्रांना माझा आग्रह असतो की, लढाईची तारीख ठरल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नये. ऑक्टोबर १९४२ मध्ये पायदळ रेजिमेंटांना ‘ग्रेनेडियर’ हे नाव मिळाले. तेवढ्यावरून रचना बदलली असे मानू नये.

त्यानंतर वाचन सेक्शन या सर्वांत लहान तुकडीपासून वर, म्हणजे पुढे कंपनी, बटालियन, रेजिमेंट आणि शेवटी डिव्हिजन असे करीत जावे. युद्धाच्या आरंभी सेक्शनमध्ये १० जण असत: एक नायक, मशीनगन हाताळणारे तिघे आणि रायफलधारी सहा. सेक्शनची खरी ताकद एमजी ३४ या मशीनगनमध्ये होती. पाच गोळ्यांच्या कार ९८के रायफली घेतलेले जवान मुख्यतः तिचे संरक्षण करीत, तिचा दारूगोळा वाहत आणि तिच्या माऱ्याच्या आडोशाने पुढे सरकत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ब्रिटिश भारतीय सैन्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने अशाच एका मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; ते ठाणे मोडणे इतके निर्णायक का होते, हे या रचनेवरून नेमके कळते.

कंपन्यांचे क्रमांक रेजिमेंटभर सलग चालतात. प्रत्येक बटालियनमध्ये तीन रायफल कंपन्या आणि चौथी जड मशीनगनची असल्यामुळे ४, ८ आणि १२ हे क्रमांक जड शस्त्रांचे समजावेत. १३व्या कंपनीकडे ७५ व १५० मिमीच्या पायदळी तोफा, तर १४व्या कंपनीकडे रणगाडाविरोधी शस्त्रे असत. १९४४च्या दोन बटालियनच्या रेजिमेंटमध्ये ९ ते १२ क्रमांक दिसत नाहीत, पण १३ आणि १४ कायम राहतात. तो तक्त्यातील दोष नव्हे.

वाहतुकीचा रकाना गाळू नये. १९३९च्या डिव्हिजनमध्ये सुमारे ५,००० घोडे होते आणि तोफाही बहुतांशी घोडेच ओढत, म्हणून मोटारींच्या वेगाने हालचाली मांडणे चुकीचे ठरेल.

मंजूर (म्हणजे तक्त्यात दिलेल्या) संख्येशेजारी प्रत्यक्ष संख्येसाठी एक रिकामा रकाना ठेवावा आणि त्या तारखेचा अहवाल मिळाला तरच तो भरावा, कारण १९४१-४२च्या रशियन हिवाळ्यानंतर अनेक कंपन्यांत मंजूर संख्येच्या निम्मी माणसेही उरली नव्हती.