मेयोला जाताय? मग एका दिवसात उरकू नका

डब्लिनला नवीन आलेलं पब्लिक पहिल्या बँक हॉलिडेला काय करतं, तर बसची डे ट्रिप बुक करतं, क्लिफ्स ऑफ मोहर, गॉलवेत थोडा टाइमपास, फोटो आणि रात्री परत. एकदा ठीक आहे हो. पण पुढची सुट्टी आयर्लंडच्या पश्चिमेच्या मेयो काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) द्या आणि तिथल्या वेस्टपोर्ट गावी किमान तीन रात्री मुक्काम ठोका. तीन कशाला, तर पाऊस. ढग खाली आले की समोरचा अख्खा डोंगर गायब होतो, पण मुक्काम असला की कधीतरी दुपारी दोन-चार तास उघडीप मिळतेच आणि तेवढ्यात काम होतं. म्हणून टाइमटेबल करून येऊ नका, सकाळी खिडकीतून आकाश बघा आणि ठरवा.

गाडी नसली तरी अडत नाही. डब्लिन ह्यूस्टनहून वेस्टपोर्टला ट्रेन आहे, तीन-साडेतीन तास, तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. तिथून ग्रीनवे करा. वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल अशी जुनी रेल्वे लाइन होती, १९३७ ला बंद पडली, तिच्यावरच आता ४० किमीहून जास्त लांबीचा सायकल ट्रॅक आहे. सगळा करायची गरज नाही, मलरॅनी ते न्यूपोर्ट हा साधारण १८ किमीचा मधला तुकडा मस्त आहे, एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, चढ फार नाही. सायकल भाड्याने देणारे बरेचजण व्हॅनने पुढे नेऊन सोडतात, तर पश्चिमेला सोडा म्हणा आणि वेस्टपोर्टकडे चालवत या. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, तो पाठीला घ्या, उगाच तोंडावर घेऊन मांड्या कशाला मोडायच्या.

क्रो पॅट्रिक हा डोंगर, म्हणजे इथल्या लोकांचा 'रीक', उंची ७६४ मीटर. आपण दर रविवारी सिंहगड चढायचो वगैरे सांगणारे इथे शेवटच्या टप्प्यात गप्प होतात, कारण वरचा शंकूसारखा भाग तीव्र चढाचा आणि सुट्या दगडांचा आहे, आणि उतरताना जास्त त्रास होतो. चांगले बूट घाला, जाऊन-येऊन तीन-चार तास धरा. वर १९०५ चं पांढरं चॅपल आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही तर अनवाणी, त्यामुळे गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा. आणि खाली मरिस्कला रस्त्यापलीकडे एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश दुष्काळाचं स्मारक आहे ते चुकवू नका, ब्राँझचं जहाज आहे, लांबून शिडाचे दोर वाटतात ते जवळ गेल्यावर कळतं की माणसांचे सांगाडे आहेत.

गाडी असेल तर अ‍ॅकिल बेटावर पूर्ण दिवस द्या (पूल आहे, फेरी वगैरे लागत नाही). कीमचा बीच सगळ्यांना हवा असतो, तिथला रस्ता कड्याच्या पोटातून जाणारा अरुंद, आणि ऊन पडलं की पार्किंग फुल. सकाळी लवकर जा नाहीतर सरळ संध्याकाळी, जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. पाणी मात्र बर्फ. मला स्वतःला कीमपेक्षा स्लीव्हमोरचं ओसाड गाव जास्त आवडतं, डोंगराच्या पायथ्याशी छप्पर नसलेली दगडी घरं ओळीने उभी आहेत आणि ऊन तिरपं असलं की गवतात जुन्या बटाट्याच्या वाफ्यांच्या सऱ्या अजून दिसतात.

उत्तरेला केजे फील्ड्स. दलदलीखाली गाडल्या गेलेल्या पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेतांच्या भिंती आहेत, वरून बघाल तर नुसतं माळरान. म्हणून गाइड घ्याच, तो लोखंडी सळई जमिनीत खुपसून दाखवतो, जिथे अडली तिथे भिंत. जवळच डाउनपॅट्रिक हेड, तिथे समुद्रात सुटा उभा असलेला सुळका बघायचा, पण पोरांचा हात सोडायचा नाही, वारा खतरनाक असतो.

बाकी किरकोळ. छत्री आणू नका, टिकत नाही, जॅकेट आणा. छोट्या रस्त्यांवर आता स्पीड लिमिट ताशी ६० किमी आहे, २०२५ च्या फेब्रुवारीपासून, आणि तसंही वळणावर मेंढ्या बसलेल्या असतात. समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, ओळखीचा नाही तो, तुम्हीही उचला. खेड्यातल्या पबचं किचन लवकर बंद होतं, शाकाहारी असाल तर आधी फोन करून विचारा, सूप कशाच्या स्टॉकचं आहे तेही विचारा, आणि ठेपले सोबत असू द्या. आणि हो, पबमध्ये फुटबॉलचा (म्हणजे इथला गेलिक फुटबॉल) विषय निघाला तर मेयोची टीम १९५१ नंतर ऑल-आयर्लंड ही देशाची मुख्य स्पर्धा जिंकलेली नाही हे तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका, ते स्वतःच सांगतील, सविस्तर.