पास रशर पारखताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटण्याआधीच पाडलं की तो सॅक, आणि त्यासाठी धावून जाणारा बचावपटू म्हणजे पास रशर. व्हर्नन घोल्स्टन या रशरने २००७च्या कॉलेज हंगामात ओहायो स्टेटकडून १४ सॅक केले. तेव्हा तो त्या विद्यापीठाचा विक्रम होता. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, त्याने २२५ पौंडांचा बार ३७ वेळा छातीवरून वर ढकलला. ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम. न्यू यॉर्क जेट्सने २००८मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन हंगाम तो तिथे होता, आणि एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही.

क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा खेळाडू पारखणं मला ड्राफ्टमधल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक वाटतं, कारण इथला मुख्य आकडाच फसवा आहे.

सॅकचा आकडा आधी बघणं

क्वार्टरबॅक पडला, एवढंच सॅक सांगतो. तो कसा पडला ते सांगत नाही. कधी पास घ्यायला कुणीच मोकळं नसतं, क्वार्टरबॅक चेंडू धरून उभा राहतो आणि रशर उशिरा का होईना पोचतो. कधी शेजारच्याने आतून मुसंडी मारलेली असते, क्वार्टरबॅक बाहेर पळतो आणि आयता याच्या मिठीत येतो. कधी याला अडवायलाच कुणी नसतं. नोंदीत हे सगळे सॅक सारखेच. उलट, रशरने टॅकलला (त्याला अडवायला कडेला उभ्या असलेल्या खेळाडूला) साफ बगल दिली पण चेंडू आधीच सुटला, तर त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

यावर उपाय एकच, वही घेऊन बसायचं. कॉलेजचे दुपारचे सामने भारतात शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास लागतात. मी तेव्हा सामना नुसता बघतो आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून एकाच खेळाडूचा पासचा प्रत्येक डाव तपासतो. चार रकाने करतो: समोर कोण होतं, चाल कोणती केली, अडीच सेकंदांत सुटला का, पुढे काय झालं. अडीच सेकंदांचं हे माप ईएसपीएनही वापरतं आणि मला ते पटतं, कारण क्वार्टरबॅककडे याहून फारसा जास्त वेळ नसतो. हायलाइट्सवरून वही भरू नका. तिथे फक्त जिंकलेले डाव असतात. एका खेळाडूवर मी असाच भाळलो होतो. पूर्ण सामने लावले तेव्हा कळलं की त्याचे बरेचसे सॅक चौथ्या सेकंदानंतरचे होते.

'सुटला' म्हणजे काय, हे न ठरवणं

तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), आठ यार्ड बाकी. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे गेला, की सगळ्यांत आधी आपला खेळाडू हलतो का, ते बघा. टॅकल तिरका होत मागे सरकतो आणि हात टाकायची वेळ साधत असतो. चांगला रशर त्याच्या मनगटावर थाप मारून ते हात खाली पाडतो, आतला खांदा खाली घालतो आणि घाटातल्या वळणावर मोटरसायकल कलते तसा कलून वळतो. या क्षणी त्याच्या पायांकडे बघा: बोटं क्वार्टरबॅकच्या दिशेला वळली का? ज्याला कलता येत नाही तो टॅकलला मागे टाकतो खरा, पण मोठा गोल घेत क्वार्टरबॅकच्याही मागून निघून जातो. मी पूर्वी अशा डावालाही 'सुटला' लिहायचो. आता लिहीत नाही.

आणि बाहेरची वाट बंद झाली तर? तिथून आत हुलकावणी देता आली पाहिजे. एकाच चालीवर कॉलेजमध्ये हंगाम निघतो. एनएफएलमधला टॅकल मात्र आठवडाभर टेप बघून आलेला असतो.

कमी सॅक दिसले की फुली मारणं

डॅनियल हंटरने एलएसयूमधल्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या हंगामात, २०१४मध्ये, फक्त दीड सॅक केला (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा सॅक). मिनेसोटा व्हायकिंग्सला तो २०१५च्या तिसऱ्या फेरीत, ८८व्या क्रमांकावर मिळाला. २०१८ आणि २०१९, दोन्ही हंगामांत त्याचे साडेचौदा-साडेचौदा सॅक झाले.

असा खेळाडू दिसला की आधी विचारा, संघाने त्याला काम काय दिलं होतं? जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर बरेचदा आतल्या जागी खेळायचा. २०२१मध्ये त्याचे सॅक ६, तर मिशिगनच्या एडन हचिन्सनचे १४. तरी २०२२मध्ये जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकरला घेतलं आणि हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. त्या दिवशी बरीच टीका झाली. हचिन्सन जास्त तयार होता, हे माझं मत आजही कायम आहे. पण वॉकरनेही २०२३मध्ये १० आणि २०२४मध्ये साडेदहा सॅक केले, म्हणजे त्याच्यावर फुली मारणारे चुकलेच.

४० यार्डांच्या धावेत अडकणं

क्वार्टरबॅक ४० यार्ड लांब उभा नसतो. पहिल्या १० यार्डांची वेळ आणि तीन शंकूंभोवतीची धाव जास्त उपयोगी, कारण रशरचं काम निघण्याचं आणि वळण्याचं. १९९५मध्ये माइक मामुलाची कंबाइन अफाट झाली. फिलाडेल्फियाने सौदा करून १२वरून ७वर उडी मारली आणि त्याला घेतलं. टॅम्पा बेला १२व्या क्रमांकावर वॉरन सॅप मिळाला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मामुलाचे ३१.५ सॅक वाईट नव्हेत, पण किंमत मोजली ती चाचण्यांची. उलट टेरेल सग्जची धाव २००३च्या ड्राफ्टआधी निराशाजनक ठरली. तो दहावा गेला आणि कारकिर्दीत १३९ सॅक करून थांबला.

हातांच्या लांबीचंही तसंच. आखूड हातांचा रशर टॅकलच्या हातात लवकर सापडतो हे खरं, पण सापडतो की नाही ते टेपवर दिसतंच.

छोट्या कॉलेजला कमी लेखणं

मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनचा, २०१९मध्ये १०६वा. पहिल्याच हंगामात त्याने १० सॅक केले. खलील मॅक बफेलोचा. २०१३च्या पहिल्या सामन्यात बफेलो ओहायो स्टेटकडून हरलं, पण मॅकने त्या दिवशी अडीच सॅक केले आणि पास अडवून टचडाउनही केला. पुढच्या वर्षी तो पाचवा गेला. म्हणून अशा खेळाडूसाठी मी आधी वेळापत्रकातला सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी शोधतो आणि पहिली वही त्याच सामन्याची भरतो. असा सामना नसेलच, तर मोबिलच्या सीनियर बोलमधला, म्हणजे ड्राफ्टआधी होणाऱ्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्याचा, सराव बघावा. तिथे मोठ्या कॉलेजांचे टॅकल समोर येतात, पण एकास एक आणि मदतीला कुणी नसताना, त्यामुळे पारडं रशरकडेच झुकतं. तिथल्या विजयाला मी वहीत अर्धा गुण देतो.