मार खाणाऱ्यावर नजर ठेवा : प्रो रेसलिंगचा सामना कसा पाहावा

नागपंचमीची दंगल पाहत वाढलेल्या माणसासमोर प्रो रेसलिंग लावलं, की त्याची नजर आपोआप डाव टाकणाऱ्याकडे जाते. पट कसा काढला, पकड कुठे घेतली, पाठ लागली का. मातीवर तसंच बघायचं असतं. रिंगमधला सामना मात्र तसा बघितला, तर पाच मिनिटांत ‘ही तर नुरा कुस्ती’ म्हणून टीव्ही बंद होतो.

निकाल आधी ठरलेला असतो, यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. १९८९ मध्ये असे सामने भरवणारी कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, हिनेच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे मान्य केलं, की ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. खेळाला लागणारे सरकारी नियम आणि शुल्क टाळण्यासाठी ते त्यांना हवंच होतं. तेव्हा खरं-खोटं हा वाद बाजूला ठेवा. ठरलेल्या निकालापर्यंत दोघं कसे पोचतात, हे बघायचं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम मार खाणारा करतो. इतकं कळलं, की सामना वाचता येऊ लागतो.

तयारी

एक कागद, एक पेन आणि मागे-पुढे करता येईल असं चित्रण, एवढं पुरे. डब्ल्यूडब्ल्यूईचा अमेरिकेतला सोमवार रात्रीचा कार्यक्रम आपल्याकडे मंगळवारी पहाटे येतो. झोपेत डोळे चोळत थेट प्रक्षेपण बघण्यापेक्षा दुपारी निवांत बघा, कारण तुम्हाला दर मिनिटाला थांबावं लागणार आहे.

सामना एकास एक असा निवडा, १२ ते २० मिनिटांचा. वीस-तीस जण एकदम रिंगमध्ये असलेला किंवा शिडी-टेबलांचा सामना सुरुवातीला नको. त्यात नजर ठरत नाही.

तोच सामना तीनदा बघायचा. पहिल्यांदा नुसताच, काही न लिहिता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण समालोचक तुम्हाला काय वाटलं पाहिजे ते सतत सांगत असतो. या वेळी कागदावर तीन रकाने आखा : वेळ, कोण मार खातोय, काय बदललं. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करा आणि फक्त प्रेक्षकांचा आवाज ऐका. गर्दी कुठे उसळली आणि कुठे गप्प झाली, ते त्याच कागदावर टिपा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या नोंदी जुळल्या, तर सामना नीट बांधलेला होता. जिथे जुळत नाहीत, तिथे काहीतरी फसलं आहे.

पडणं जवळून बघा

पडण्याला ‘बम्प’ म्हणतात आणि या धंद्यात सगळ्यात आधी तेच शिकवतात. साधा बॉडीस्लॅम घ्या. उचलणाऱ्याचा एक हात समोरच्याच्या दोन मांड्यांमधून जातो, दुसरा खांद्यावरून. आता चित्र थांबवा आणि उचलल्या जाणाऱ्याचे पाय बघा. तो स्वतः उडी मारतो. त्याचा एक हात उचलणाऱ्याच्या मांडीवर किंवा कमरेवर टेकलेला दिसेल. त्या आधारावर तो आपलं वजन वर नेतो. शंभर किलोचा माणूस असा उचलला जातो तो दोघांच्या ताकदीने.

खाली येताना हनुवटी छातीला चिकटलेली हवी. पाठीचा वरचा सगळा भाग एकाच वेळी टेकायला हवा, म्हणजे धक्का एका जागी बसत नाही. दोन्ही हात तळव्यांसकट बाजूला आपटायचे आणि श्वास बाहेर सोडायचा. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणून बांधलेला कॅनव्हास. खालून पोकळ असल्यामुळे ती थोडी दबते आणि ढोलासारखी वाजते. पण फळी ती फळीच. रोज त्यावर पाठ आपटणाऱ्याला लागत नाही, असं कोणी म्हणू नये.

फसतं कुठे? हनुवटी सुटली, तर डोकं मागे झटकून आपटतं. घाबरून हात मागे टेकला, तर मनगट आणि कोपर जातं. आणि जिथे डोकं खाली असतं, त्या डावात मार खाणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. ३ ऑगस्ट १९९७ च्या ‘समरस्लॅम’ या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटं धरून पाइलड्रायव्हर मारला. असा डाव टाकणारा गुडघ्यांवर उतरला, तर उलटं धरलेल्याचं डोकं जमिनीपासून अंतर राखून राहतं. ओवेन बसत खाली आला, ऑस्टिनचं डोकं खाली उघडं राहिलं आणि मानेवर सगळा भार गेला. ऑस्टिनला काही वेळ हातपाय हलवता येईनात. पुढचं मिनिट बघा : ओवेन प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत राहतो. चिडवतोय असं दिसतं. खरं तर तो साथीदारासाठी वेळ काढतोय. मग ऑस्टिन कसाबसा रांगत येऊन त्याला गुंडाळतो आणि ठरल्याप्रमाणे जिंकतो. त्या गुंडाळण्यात जोर नाही. ओवेन स्वतःच पाठीवर गेलाय.

मार लागल्याचा अभिनय म्हणजे ‘सेलिंग’. चांगला रेसलर पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर मार खातो आणि पंधराव्या मिनिटाला विजयाची उडी मारतानाही त्याच पायाने लंगडतो. कच्चा रेसलर विसरतो आणि पळू लागतो. कागदावर ‘गुडघा’ असं लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तपासा. आणखी एक खूण : अमेरिकी पद्धतीत डोक्याच्या, हाताच्या, पायाच्या पकडी शरीराच्या डाव्या बाजूला धरतात, मेक्सिकोत उजव्या. अनोळखी माणसासोबतही न बोलता काम जमावं म्हणून ही रीत. एकदा ध्यानात आली, की दर सामन्यात दिसते.

गल्लीतल्या पोट्ट्यांनी हे गादीवर करून बघू नये, हे त्यांना समजावून सांगा. कापसाच्या गादीत खांदे रुततात आणि मान दुमडते.

मारबत कोण?

आता बाजू ओळखा. ज्याच्यासाठी टाळ्या, तो ‘बेबीफेस’ किंवा नुसता ‘फेस’. ज्याच्यावर शिव्यांचा पाऊस, तो ‘हील’. नागपूरकराला हील वेगळा समजवावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा अख्खी इतवारी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडते. वर्षभराची इडापिडा, राग, महागाई, सगळं तिच्या अंगावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. हीलचं काम तेच. त्याला मिळणारा राग म्हणजे ‘हीट’ आणि फेसला मिळणारा एकदम उसळलेला गजर म्हणजे ‘पॉप’. हीट मिळाली नाही, तर हील फसला, मग त्याचे डाव कितीही देखणे असोत. राग आणि कंटाळा यांत मात्र गल्लत करू नका. प्रेक्षक ओरडत असतील तर हीट. मोबाइल काढून बसले असतील तर काहीच नाही.

आतलं गुपित बाहेर फुटू न देण्याच्या शिस्तीला ‘केफेब’ म्हणतात. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत जिम डगन आणि आयर्न शेख, रिंगमधले कट्टर वैरी, सोबत प्रवास करत होते. इतर आरोप होतेच, पण धंद्यातल्या लोकांना जास्त झोंबलं ते हे, की फेस आणि हील एका गाडीत दिसले. आज केफेब तेवढं कडक राहिलेलं नाही. तरी झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बघणारा माणूस जसा खलनायकावर मनापासून चिडतो आणि पहाटे त्याच नटाला चहा पाजतो, तसं प्रेक्षकाने बघायचं असतं.

वर्क आणि शूट

ठरवून केलेलं ते ‘वर्क’, खरोखरचं ते ‘शूट’. हे शब्द अमेरिकेतल्या जत्रांमधून आले. तिथे तंबूत एक मल्ल उभा करून गावकऱ्यांना आव्हान द्यायचे आणि गर्दीतून पुढे येणारा बरेचदा त्यांचाच माणूस असायचा.

धंदा वर्ककडे का झुकला, याचं उत्तर आपल्या ओळखीच्या माणसात सापडतं. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पडून राहिला. पाठच लागू द्यायची नाही, एवढाच बेत. कुस्ती बरोबरीत सुटली आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. (१९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं.) तिकीट काढून आलेल्याने अडीच तास पडलेल्या माणसाची पाठ किती बघायची? १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, टूट्स माँट आणि बिली सँडो या तिघांनी वेळेची मर्यादा घातली, उठून दिसणारे डाव आणले आणि मल्लांचा एकच संच गावोगाव फिरवला. आजचा कार्यक्रम त्याच साच्यातला आहे.

त्यांनी वेन मन नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूला विजेता केला. अंगाने दांडगा, कुस्ती जवळजवळ येतच नव्हती. त्याचा विजेतेपदाचा पट्टा समोरच्याच्या संमतीवर टिकून होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरायला म्हणून तोच झिबिस्को उभा राहिला आणि ठरलेलं मोडून त्याने मनला खरोखर चीत केलं. याला ‘डबल क्रॉस’ म्हणतात. अशा वेळी उपयोगी पडतो तो ‘हूकर’, म्हणजे सांधा मोडणाऱ्या खऱ्या पकडी येणारा रेसलर. लू थेझ हा अशांपैकी सर्वांत नावाजलेला. १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंग यांनी जागतिक विजेतेपद मिळवलं, ते याच थेझला हरवून. त्या काळी याला आपल्याकडे फ्रीस्टाइल कुस्ती म्हणायचे. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलशी तिचा संबंध नाही. घरातली जुनी माणसं बोलतात तेव्हा हा घोळ लक्षात ठेवा.

सामन्याची बांधणी

बहुतेक सामने एकाच चालीवर बांधलेले असतात. सुरुवातीला फेस वरचढ असतो, ही ‘शाइन’. मग हील काहीतरी लबाडी करून त्याला तोडतो, हा ‘कट-ऑफ’. पुढे सगळ्यात लांब भाग, हीलचा मार. त्यात मधूनमधून फेस उठू पाहतो आणि पुन्हा पडतो, त्याला ‘होप स्पॉट’ म्हणतात. मग ‘कमबॅक’ आणि ‘फिनिश’. बारा मिनिटांच्या सामन्यात ढोबळमानाने शाइनला दोन-तीन मिनिटं, माराला पाच-सहा, उरलेल्यात कमबॅक आणि शेवट. कट-ऑफ कुठे आला ते कागदावर खूण करून ठेवा. तो उशिरा आला, तर मार कमी पडतो, आणि मार कमी पडला तर कमबॅकला कोणी उठून उभं राहत नाही.

नियम थोडकेच. नुसती पाठ लागून भागत नाही. दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत टेकून राहायला हवेत. दोरीला हात-पाय लागला, की पकड सोडायची, त्यासाठी पाचपर्यंत मोजतात. रिंगबाहेर गेल्यास डब्ल्यूडब्ल्यूईत दहापर्यंत, न्यू जपान या जपानी कंपनीत वीसपर्यंत.

पंचाकडेही एकदा बघा. पकड लांबली, की तो वाकून ‘सोडतोस का’ विचारतो. त्याच वेळी तो निरोप देतो, वेळ सांगतो, पडलेल्याचा हात दाबून ठीक आहे का ते पाहतो. दोन्ही हात डोक्यावर गुणाकाराच्या चिन्हासारखे धरले, तर ती खऱ्या दुखापतीची खूण. कधीकधी कथेसाठीही वापरतात, म्हणून पंचानंतर दुसऱ्या रेसलरकडे बघा. तो मागे सरकून थांबला असेल, तर बहुतेक खरंच लागलंय.

सरावासाठी एक सामना

२३ मार्च १९९७, शिकागोजवळ झालेली ‘रेसलमेनिया १३’, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. साधारण बावीस मिनिटं. आत येताना ब्रेट फेस, ऑस्टिन हील. बाहेर जाताना उलट. एकाच सामन्यात दोघांची बाजू बदलणं फार क्वचित जमतं, आणि इथे ते मार खाण्यातून जमलं आहे.

तुमच्या दुसऱ्या रकान्यात अर्ध्यानंतर सतत ऑस्टिनचं नाव येईल. शेवटी ब्रेट त्याला शार्पशूटरमध्ये धरतो : पालथा घालून, पाय गुंफून, कंबर मागे वाकवून. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त, दातांतून रक्त, चेहरा कॅमेऱ्यासमोर. इथे चित्र थांबवून त्याचे हात बघा. ते कॅनव्हास ढकलतात, सुटायला झगडतात, पण हार मानत नाहीत. तो शुद्ध हरपून पडतो आणि पंच केन शॅमरॉक सामना थांबवतो. ब्रेट जिंकला, तरी पडलेल्याला मारत राहतो, म्हणून प्रेक्षक त्याच्यावर उलटतात.

तिसऱ्या वेळी, पडद्याकडे पाठ असताना, घंटेनंतर आवाज लगेच बंद करू नका. ऑस्टिन मदतीला आलेल्याला झिडकारतो आणि एकटाच लंगडत आत जातो. त्या वेळी गर्दी कोणाचं नाव घेते, ते तिसऱ्या रकान्यात लिहा.