पोराकडे जर्मनीला चाललात? मग फाल्झच्या जंगलातले किल्ले असे बघा

सोलापूर त्रेचाळीस डिग्रीला तापलं की आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी पोराकडे नाहीतर लेकीकडे जर्मनीला निघतंच, नव्वद दिवसांचा व्हिसा हातात असतो आणि तिथं जाऊन बघतात काय तर तेच नॉयश्वानश्टाइन, जे १८६९ ला बांधायला घेतलं, म्हणजे किल्ला कसला, राजाची हौस. तासभर थांबा आणि आत फोटोला बंदी. आमचा मुलगा मानहाइमला असतो म्हणून आम्हाला फाल्झ कळलं, नाहीतर आम्हीपण तिथंच रांगेत दिसलो असतो.

फाल्झ म्हणजे जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातला, फ्रान्सला चिकटलेला डोंगराळ भाग. जंगल इतकं दाट की ट्रेनमधून उतरलं की समोर झाडंच. फ्रान्सकडचं व्होजचं जंगल आणि हे मिळून १९९८ पासून युनेस्कोचं एकच बायोस्फियर, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्र आहे. आणि या जंगलात लाल वाळूच्या दगडाचे सुळके, आणि सुळक्यांवर पडके किल्ले, एका डोंगरावरून दुसरा दिसावा इतके.

पहिली गोष्ट, दिवस किल्ल्यावरून ठरवू नका, बस आणि हुट्टंवरून ठरवा. हुट्टं म्हणजे जंगलातली खाण्यापिण्याची झोपडी, बऱ्याच ठिकाणी तिथल्या पायी फिरणाऱ्यांच्या १९०२ सालच्या संघटनेचे मेंबर स्वतः चालवतात, म्हणून रोज उघडी नसते, बहुतेक बुधवार, शनिवार, रविवार. आम्ही पहिल्यांदा मंगळवारी गेलो, दाराला कुलूप, पोटात कावळे, आणि परतीची बस दीड तासानं. तेव्हापासून मी आधी हुट्टंची वेळ बघते, मग बसची, मग किल्ला. रविवारी दुकानं बंद असतात हेही धरून चाला, सामान शनिवारीच घ्यायचं.

तिकिटाचं सांगते. महिन्याचं डॉइचलांड तिकीट २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. त्यात लोकल ट्रेन, बस, ट्राम सगळं येतं पण आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, चालत नाही, चुकून बसलात तर दंड. आणि ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या दहा तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात, पोराला आठवण करून द्या. मानहाइमहून नॉयश्टाट, लांडाउ करत आनवायलरला उतरायचं, इथून सुरुवात सोपी.

आनवायलरच्या डोक्यावर ट्रिफेल्स, साधारण ५०० मीटरवर. स्टेशनवरून चढत गेलं तर आपल्या वयाच्या माणसांना दीड तास धरा. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, धर्मयुद्धावरून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि ११९३ च्या वसंतात याच किल्ल्यावर सम्राट सहाव्या हेन्रीच्या कैदेत होता, खंडणी भरून सुटला ११९४ ला. सम्राटाचा मुकुट वगैरे राजचिन्हं काही काळ इथं ठेवलेली असायची, आज वर बघायला मिळतात त्या प्रतिकृती, खरी व्हिएन्नात. एक मात्र आधीच सांगते, ट्रिफेल्सचा जो भव्य दिवाणखाना दिसतो तो नाझी काळात, १९३८ पासून नव्यानं बांधायला घेतला, तेव्हा दगड बघून भारावून जाऊ नका, बाहेरचे जुने बुरूज आणि शेजारच्या दोन डोंगरांवरचे आनेबोस आणि शार्फेनबेर्ग बघा. मला तर ट्रिफेल्सपेक्षा पुढचे जास्त आवडले.

पुढचे म्हणजे डान गावाच्या आसपासचे. हिंटरवायडेनथालला ट्रेन बदलून डानला जायची छोटी गाडी सीझनमध्ये ठरावीक वारीच असते, बाकी बस. डानच्या वर आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन असे तीन किल्ले एकाच लांबलचक कड्यावर एकाला एक लागून आहेत. इथं खरी मजा काय तर खडकच किल्ला आहे. आपला सोलापूरचा भुईकोट सपाटीवर, तटबंदी आणि खंदकाच्या जोरावर उभा, नळदुर्गला बोरी नदीचं पाणीच किल्ल्यात घेतलं. इथं मात्र माणसांनी सुळका आतून कोरला, बाहेरून थोडी भिंत जोडली, झाली खोली.

ते वाचायचं कसं ते मुलाच्या जर्मन मित्रानं मला शिकवलं. उभ्या खडकात एका रेषेत चौकोनी भोकं दिसली की समजायचं वासे तिथं अडकवलेले, म्हणजे तो मजला. वर आणखी एक ओळ असेल तर दुसरा मजला. तिरकी खाच म्हणजे छप्पर टेकायची जागा. भिंतीतल्या चिऱ्याच्या मधोमध लहान खड्डा असेल तर तो दगड लोखंडी चिमट्यानं पकडून वर चढवला, आणि कडा सपाट पण पोट फुगीर ठेवलेले चिरे असतील तर बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकातलं काम. पाण्याचं टाकं शोधा, आपल्या गडांवर असतं तसंच खडकात कोरलेलं, पावसाचं पाणी साठवायला. हे कळलं की पडक्या भिंतीत घर दिसायला लागतं, आमचे हे तर एका कोपऱ्यात उभं राहून इथं चूल असणार, इथं धान्य असणार असं मोजत बसले, खाली उतरेनात.

बुझेनबेर्गजवळ ड्राखेनफेल्स आहे, लांबून दाढेसारखा दिसतो. दगडात कोरलेल्या पायऱ्या आणि शिडीवरून वर जाता येतं, गुडघे बरे असतील तरच. हा १५२३ ला पाडला, लिंडेलब्रुन १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात जळला. लिंडेलब्रुनच्या पायथ्याशीच हुट्टं आहे म्हणून कमी चालणाऱ्यांना मी तो सुचवते. बेरवार्टश्टाइन मात्र उभा आणि छप्पर असलेला, आत खडकातली विहीर १०४ मीटर खोल. इथला सरदार हान्स फॉन ट्रोथा यानं शेजारच्या मठाशी भांडण काढून नदीच अडवली, खालच्या गावाचं पाणी तोडलं, मग बांध फोडून पूर आणला. पलीकडच्या फ्रान्समधल्या अल्सास भागात ख्रिसमसला अजून त्याच्या नावाचा बागुलबुवा पोरांना घाबरवायला येतो.

एक दिवस नक्की ठेवा तो फ्रान्सच्या सीमेजवळच्या नॉटवायलर गावाहून. वेगेल्नबुर्ग ५७२ मीटरवर, फाल्झमधला सगळ्यात उंचावरचा किल्ला, तिथून दहा-पंधरा मिनिटांत पाऊल फ्रान्समध्ये पडतं आणि होएनबुर्ग, लोवेनश्टाइन, मग खाली फ्लेकेनश्टाइन. जंगलात कोणी अडवत नाही, तरी पासपोर्ट खिशात हवाच. मोबाइलही फ्रेंच नेटवर्क पकडतो, घाबरू नका, इमर्जन्सीला दोन्हीकडे ११२.

आता खबरदारी. ओली पानं आणि शेवाळ धरलेला वाळूचा दगड म्हणजे साबण, चप्पल-सँडलवर जाऊ नका, काठी घ्या. झाडांवर रंगीत पट्ट्या, क्रॉस असे खुणेचे मार्क असतात, एक खूण धरली की तीच धरायची, आणि अर्धा तास खूण दिसली नाही तर मागे फिरा, पुढं सापडेल असं म्हणू नका. वसंतात काही खडक ससाण्यांच्या घरट्यांसाठी बंद असतात, पाटी दिसली की वर चढायचं नाही. आणि गोचीड! पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागं नीट बघा, चिकटली असेल तर चिमट्यानं सरळ ओढा, पुढं लाल गोल उठला तर डॉक्टरकडे जा. झऱ्याचं पाणी पिऊ नका, नळाचं बाटलीत भरून न्या, चांगलं असतं.

खायला मी कडक भाकरी आणि शेंगदाणा चटणी नेली, दोन आठवडे टिकली, जंगलात बसून खाताना जर्मन लोक वळून बघायचे. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपात दुधाचं-मांसाचं आणायला बंदी आहे. हुट्टंमध्ये झाउमागेन नावाचा पदार्थ मिळेल, डुकराच्या पोटात बटाटा आणि मांस भरून केलेला, जर्मनीचे माजी चान्सलर हेल्मुट कोल पाहुण्यांना तोच खिलवायचे. शाकाहारींनी पांढरं चीज आणि ब्रेड मागावं, कांदा घातलेलं, आपल्या चक्क्यासारखं. प्यायला वाइनमध्ये सोडा घातलेलं शोर्लं अर्ध्या लिटरच्या ग्लासात येतं, न पिणाऱ्यांनी द्राक्षाच्या रसाचं शोर्लं असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर नको ते येतं. रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही, आणि काही ठिकाणी ग्लासचं डिपॉझिट घेतात, परत दिला की पैसे परत, आमचे हे दोनदा ग्लास टेबलावर ठेवून निघाले.